उजव्या कानामागची खूण

आमच्या घरातला शिक्का स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात असतो, लाटण्याशेजारी. जपानमध्ये सहीच्या जागी शिक्का उठवतात. करंगळीएवढा दांडा, त्याच्या टोकाला जपानी अक्षरांत कसंबसं कोंबलेलं आमचं आडनाव. मुलगा पहिलीत गेल्यापासून तो शिक्का नावाला माझा होता. शाळेत पोहण्याचा तास असला की त्या दिवशी सकाळी मुलाचं तापमान एका कार्डावर लिहून पालकाने शिक्का उठवायचा असतो. शिक्का नसेल तर मूल पाण्यात उतरत नाही. एकदा मी विसरलो, आणि तो अख्खा तास टॉवेल मांडीवर घेऊन काठावर बसून राहिला. घरी आल्यावर त्याने तक्रार केली नाही. फक्त शिक्का कुठे असतो ते विचारून घेतलं आणि खणापर्यंत हात पोचावा म्हणून तिथे स्टूल नेऊन ठेवलं.

तेव्हापासून शाळेचे कागद तोच वाचायचा. आम्हाला दोन वाक्यांत मराठीत सांगायचा, मी "बरं" म्हणायचो आणि शिक्का उठायचा. मला जपानी येत नव्हतं असं नाही. मी वीस वर्षं इथल्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करतो, दिवसभर मीटिंगमध्ये जपानीच बोलतो. पण घरी आल्यावर बारीक अक्षरातला कागद वाचायचा मला कंटाळा यायचा, आणि बायकोचं जपानी भाजीबाजार आणि लिफ्टमधल्या शेजारणींपुरतं. टोकियोत हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक भारतीय घरांत असंच चालतं. मुलं आईबापांना कागद वाचून दाखवतात.

तो क्योतोला विद्यापीठात गेला त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत घरी आला, तेव्हा त्याच्याकडे असाच एक कागद होता. अमेरिकन फुटबॉलच्या संघात जायचं म्हणत होता. शाळेत त्याने बॅडमिंटनपलीकडे काही खेळलं नव्हतं. पण एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या दारातच वरच्या वर्गातल्या दणकट मुलांनी त्याची उंची पाहून त्याला धरलं, सलग तीन दिवस जेवायला घातलं आणि चौथ्या दिवशी हेल्मेट घालून पाहायला सांगितलं. हेल्मेट बसलं. हे सांगताना तो इतका हसत होता की बायकोने त्या तीन दिवसांच्या जेवणात काय काय होतं, हे विचारायचं टाळलं.

कागद पालकांच्या संमतीचा होता. खालच्या भागात मुलाच्या तब्येतीचे प्रश्न होते. तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून ते भरत होता. बायको आमच्याकडे पाठ करून पोळ्या लाटत होती.

"बाबा, मला डोक्याला कधी लागलं होतं का? मोठं असं?"

मी म्हणालो, "नाही."

"नाही काय?" बायको वळली. "पाळणाघरात घसरगुंडीवरून पडला होता ना. टाके पडले होते."

"दोन टाके," मी म्हणालो. "त्याला डोक्याला लागणं म्हणत नाहीत."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग त्याने 'नाही' या शब्दाभोवती गोल केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी शिक्का उठवला. आडनावाचं शेवटचं अक्षर फिकट उमटलं. चालेल, असं तो म्हणाला.

आता खरं काय झालं होतं ते लिहितो.

तो चार वर्षांचा होता. बायकोच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं, म्हणून ती तीन आठवडे पुण्याला गेली होती. मी त्याला रोज सकाळी सायकलच्या मागच्या सीटवर बसवून पाळणाघरात सोडत असे. त्या दिवशी नदीच्या बांधाजवळ ऑफिसचा फोन आला. मी सायकल स्टँडवर लावली, त्याला सीटवरच बसू दिलं, आणि बोलत बोलत चार पावलं पुढे गेलो. त्याचं हेल्मेट पुढच्या बास्केटमध्ये होतं, कारण सकाळी त्याने घालायला कुरकुर केली होती आणि मला उशीर होत होता. मागे आवाज झाला. सायकल आडवी पडली होती आणि तो सीटच्या पट्ट्यात अडकलेला, डोकं काँक्रीटवर. डोळे उघडे होते, पण ते मला पाहत नव्हते. किती सेकंद, ते मी मोजलं नाही. मग त्याने माझ्या शर्टावर उलटी केली आणि रडायला लागला. त्याचं रडणं ऐकून इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

हॉस्पिटलमध्ये फोटो काढले. कवटीला केसासारखी बारीक चीर होती. कानामागे दोन टाके पडले. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि सोडलं. डॉक्टर म्हणाले, भरून येईल, पण पुढे कधी डोक्याला मार लागला तर ही गोष्ट डॉक्टरांना नक्की सांगा. ते त्यांनी दोनदा सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं.

पाळणाघराच्या बाईंना मी खरं सांगितलं. आठवडाभर तो घरी राहणार होता, कारण द्यावं लागलं. पुण्याला मात्र काही कळवलं नाही. तिकडे तिचे वडील आयसीयूत होते, तिला आणखी घोर नको, असं मी स्वतःला समजावलं. ती परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचे केस धुताना तिला कानामागची खूण दिसली. ती खूण बोटाने धरून तिने मला हाक मारली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, पाळणाघरात घसरगुंडीवरून पडला.

माझी कल्पना होती की ती रडेल, मला बोलेल आणि विषय संपेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाळणाघरात यायला तयार होऊन उभी राहिली. तिला त्या बाईंशी बोलायचं होतं. तिला जपानी येत नव्हतं, बाईंना इंग्रजी येत नव्हतं. दुभाषा मी.

पाळणाघराच्या दारात, चपला ठेवायच्या कप्प्यांसमोर आम्ही उभे राहिलो. बायको मराठीत म्हणाली, "यांना विचार, मूल पडेपर्यंत या काय करत होत्या? आणि मला कोणी कळवलं का नाही?" मी बाईंकडे वळून जपानीत म्हणालो, माझी पत्नी परत आली आहे, जखमेची तिला काळजी वाटते, कृपा करून त्याच्यावर थोडं जास्त लक्ष ठेवाल का. बाई कमरेत वाकल्या. इथे कोणीही काळजी बोलून दाखवली की आधी वाकतातच. त्या म्हणाल्या, नक्की ठेवीन, तुम्हाला काळजी करायला लावली त्याबद्दल क्षमस्व. बायकोने मला विचारलं, काय म्हणतात? मी म्हणालो, चूक झाली म्हणतात, माफी मागतात.

बायकोला तेवढ्याने बरं वाटलं नाही. ती बरंच बोलली. मी प्रत्येक वाक्य दुसरंच करून पुढे दिलं, आणि बाई प्रत्येक वाक्याला वाकत राहिल्या.

संघात गेल्यावर पहिली दोन वर्षं तो बहुतेक बाकावर होता, म्हणून मला निभावता आलं. तो जाड होत गेला. दिवसातून पाच वेळा खायचा हुकूम होता. सुट्टीत घरी आला की बायको पोळ्यांची चळत, तुपाची वाटी, डाळ, उसळ पुढे करायची, आणि तो कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, उकडलेली अंडी आणून त्यावर खायचा. त्याच्या बॅगेतून, बुटांतून, मोज्यांतून मैदानातल्या कृत्रिम गवताचे काळे रबरी दाणे घरभर पडायचे. तो गेल्यावरही आठवडाभर बाथरूमच्या जाळीत सापडायचे. बायको म्हणायची, मोहरी सांडल्यासारखी वाटते.

तिसऱ्या वर्षी शरद ऋतूच्या हंगामात त्याला पहिल्या अकरांत घेतलं. बचावाच्या फळीत मधोमध उभं राहायचं आणि चेंडू घेऊन पळत येणाऱ्याला आडवं करायचं, हे त्याचं काम. म्हणजे प्रत्येक डावात कोणावर तरी जाऊन आदळायचं. गटात आठ संघ, प्रत्येकाचे सात सामने. शेवटच्या दोन संघांना खालच्या गटातल्या संघाशी आपली जागा राखण्यासाठी आणखी एक सामना खेळावा लागतो, आणि तो हरला की पुढच्या वर्षी खाली. त्यांचा संघ साधा. बहुतेक मुलं त्याच्यासारखीच विद्यापीठात येऊन खेळ शिकलेली.

मी प्रत्येक सामन्याला जायला लागलो. सकाळची शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडायची, क्योतोला नाहीतर ओसाकाला उतरायचं, तिथून मैदान. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, मुलाचं केवढं कौतुक आहे बापाला. पालकांच्या संघटनेतल्या एका बाईंनी मला संघाच्या रंगाचा टॉवेल दिला, तो मी गळ्यात घालून बसायचो. पण मी खेळ पाहत नव्हतो. मी मोजत होतो. तो आदळून खाली गेला की एक, दोन, तीन. बहुतेक वेळा तीनपर्यंत तो उठलेला असायचा. कधी त्याच्या अंगावर चार जण पडलेले असत, तेव्हा सहा, सात. मला धावसंख्या आठवत नाही, हे आकडे आठवतात.

पहिले दोन सामने ते हरले, तिसरा जिंकले. चौथ्या सामन्यात, ऊन उतरायला लागलं होतं तेव्हा, पलीकडचा एक बुटका मुलगा चेंडू छातीशी धरून सरळ त्याच्यावर आला. दोन हेल्मेट एकमेकांवर आपटल्याचा आवाज गॅलरीपर्यंत आला. मी मोजायला लागलो. दहा झाले. पंधरा झाले. शेजारच्या बाई टाळ्या वाजवायच्या थांबल्या. एकोणिसाव्या आकड्याला त्याचा एक गुडघा हलला.

संघाची ट्रेनर धावत गेली. ही चौथ्या वर्षातली एक मुलगी, त्याच्या खांद्याएवढी. तिने त्याला काही प्रश्न विचारले, बोट डोळ्यांपुढून फिरवलं, बाहेर आणलं आणि त्याच्या हातातलं हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत धरलं. ते ती सामना संपेपर्यंत काखेतच धरून उभी होती. नंतर मला कळलं की हा नियमच आहे. हेल्मेट खेळाडूकडे राहिलं तर मुलं नजर चुकवून परत आत पळतात.

पुढचे तीन आठवडे तो पायरीपायरीने परत येत होता. आधी नुसतं चालणं, मग सायकल, मग पळणं, मग आदळण्याशिवाय सराव. रोज ट्रेनर त्याला डोकं दुखतं का, मळमळतं का, उजेड सहन होतो का, असे प्रश्न विचारून कागदावर आकडे लिहायची. हे तो मला फोनवर सांगायचा. मी ऐकायचो आणि घशापर्यंत ते वाक्य यायचं, की आधीही एकदा झालंय. ऑफिसात मी नव्या मुलांना शिकवतो की वाईट बातमी सर्वांत आधी सांगायची. चूक झाली तर लपवायची नाही, कारण आणि उपाय लिहून त्याच दिवशी वरिष्ठांपुढे ठेवायचा. असे अहवाल मी शंभर लिहिले असतील. हा एक लिहिता येत नव्हता. ट्रेनरला सांगितलं तर तो खेळातून जाईल. आणि मुलाला सांगितलं तर तो आईला सांगेल. खरं सांगायचं तर मला या दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त होती.

पाचवा सामना त्याच्याशिवाय झाला, ते हरले. सहाव्याला डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. तो सामना जिंकलाच पाहिजे होता. बायको म्हणाली, मीही येते. तोपर्यंत तिने एकही सामना पाहिला नव्हता. दोन दिवस ती डिंकाचे लाडू वळत होती, आख्ख्या संघाला पुरतील इतके.

सामन्यात ती मैदानाकडे कमी आणि समोरच्या गॅलरीतल्या लोकांच्या तोंडांकडे जास्त पाहत होती. "ते ओरडले की मला कळतं," ती म्हणाली. मी मोजत होतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याने दोन वेळा चेंडूवाल्याला आडवं केलं, आणि दुसऱ्या वेळी उठायला आठ लागले. आठ म्हणजे फार नाही. पण उठल्यावर तो आधी आपल्या नव्हे, दुसऱ्या संघाच्या बाजूला दोन पावलं गेला आणि मग वळला. बाकी कोणी ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही. ते जिंकले. शेजारच्या बाईंनी मला मिठी मारली, जी इथे कोणी मारत नाही.

सामन्यानंतर मैदानामागच्या बसपाशी मुलं कपडे बदलून येत होती. आम्ही लाडवांचे डबे घेऊन उभे होतो. तो आला, हेल्मेट एका हातात लटकत होतं. उन्हाकडे पाठ करून उभा राहिला. बायकोने त्याच्या गालाला हात लावला.

"काय रे, डोळे असे काय बारीक करतोस?"

"काही नाही गं. उजेड जातोय डोळ्यांत. डोकं जड झालंय सकाळपासून."

"सकाळपासून? आणि खेळलास?"

"आई, हळू."

तेवढ्यात ट्रेनर तिचा कागद घेऊन आली. आम्हाला वाकून नमस्कार केला आणि त्याला तिचे रोजचे प्रश्न विचारायला लागली. डोकं दुखतंय का? अजिबात नाही. उजेडाचा त्रास? नाही. सकाळपासून काही? काही नाही, एकदम ठीक. ती आकडे लिहीत होती. शून्य, शून्य, शून्य. तो जपानीत इतका सहज बोलत होता की एक क्षण मीही विश्वास ठेवला.

बायकोला त्यातलं काही कळलं नव्हतं. ती लाडवाचा डबा उघडून उभी होती, त्या मुलीला आधी देऊया म्हणून. ट्रेनरला मराठी कळलं नव्हतं. त्या बसपाशी साठ-सत्तर माणसं असतील. दोन्ही वाक्यं समजलेला त्याच्याशिवाय मी एकटा होतो. आणि मला पाळणाघरातले चपलांचे ते कप्पे दिसले, आणि मध्ये उभा असलेला चार वर्षांचा मुलगा, कानामागे ती खूण असलेला.

तो सातवा सामना खेळणार होता. दोन आठवड्यांनी. तो सामना जिंकला तर संघ वाचणार होता.

"एक मिनिट," मी ट्रेनरला म्हणालो. मग जपानीत सांगितलं की त्याचं डोकं सकाळपासून जड आहे आणि उजेड सहन होत नाहीये, त्याने आत्ताच आईला सांगितलं. त्याने जपानीत मला म्हटलं, बाबा, थांब. मी थांबलो नाही. मी सांगितलं की चार वर्षांचा असताना त्याच्या कवटीला चीर पडली होती. तो माझ्या सायकलवरून पडला होता, हेल्मेट नव्हतं. संमतीच्या कागदावर 'नाही' लिहिलंय ते चुकीचं आहे, आणि ते माझ्यामुळे लिहिलं गेलंय.

ट्रेनरने कागद बंद केला. तिने मुलाकडे हात पुढे केला आणि त्याने हेल्मेट तिला दिलं. तिने ते काखेत धरलं. मग ती मला वाकून म्हणाली, "ओतोसान, सांगितल्याबद्दल आभार." खेळाडूच्या वडिलांना इथे असंच म्हणतात. मला ते वाकणं पाहवेना.

"काय सांगितलंस तू तिला?" बायकोने विचारलं.

मुलगा जमिनीकडे पाहत होता.

मी तिला सगळं सांगितलं. जपानीत जे म्हणालो होतो ते, त्याच क्रमाने, एकही वाक्य न बदलता. कवटी. चीर. माझी सायकल. डब्याचं झाकण तिच्या हातात होतं, ते तिने परत डब्यावर लावलं आणि चारी बाजूंनी दाबून बसवलं.

"आणि त्या बाई?" ती म्हणाली. "त्या दिवशी त्या काय म्हणाल्या होत्या?"

"त्या म्हणाल्या होत्या, मी जास्त लक्ष ठेवीन."

"आणि मी जे बोलले ते?"

"ते मी त्यांना सांगितलंच नाही."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती. मी दोन वेळा बोलायचा प्रयत्न केला, तिने हात वर करून थांबवलं. शिन-योकोहामाला गाडी थांबली, लोक उतरले, तेव्हा ती खिडकीकडे पाहतच म्हणाली, "सोळा वर्षं मी त्या रस्त्याने जात नाही. याला सोडणं-आणणंही तुझ्यावरच टाकलं होतं. भाजीला जायचं तर बागेला वळसा घालून जाते. ती बाई समोर आली तर माझ्याच्याने बोलवणार नाही म्हणून."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं क्योतोला गेलो, तिथल्या हॉस्पिटलमध्ये त्याचे फोटो काढले. जुनी चीर भरली होती. पण एका हंगामात दोनदा, आणि त्याआधी लहानपणचं ते, असं सगळं मिळून डॉक्टर म्हणाले की हा हंगाम संपला. पुढच्या वर्षाबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, आदळण्याचा खेळ पुन्हा खेळू नये असा माझा सल्ला आहे. मुलगा बसपाशी जसा उभा होता तसाच बसून होता. बाहेर आल्यावर तो सायकलवर बसला आणि आमच्याशी न बोलता निघून गेला. हेल्मेट घातलं होतं.

सातव्या सामन्याला मी एकटाच गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं हेही पळून जाणंच झालं असतं. तो मैदानाच्या कडेला जर्सी घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता. त्याच्या जागी पहिल्या वर्षातला एक मुलगा खेळत होता आणि चेंडूवाले त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होते. मी त्या मुलाचेही सेकंद मोजत होतो. ते हरले. महिन्याने जागा राखायच्या सामन्यातही हरले, एका किकने, आणि संघ खालच्या गटात गेला. चौथ्या वर्षातली मुलं मैदानावर बसून रडली. ती ट्रेनरही. पालकांपैकी कोणी मला दोष देणारा एक शब्दही बोललं नाही. टॉवेल देणाऱ्या बाईंनी माझी आस्थेने चौकशी केली. ते जास्त जड गेलं.

पण मला सांगायचंय ते सातव्या सामन्याचं. सगळं आवरल्यावर तो रिकाम्या बाटल्यांचा क्रेट घेऊन गॅलरीखाली आला आणि क्रेट खाली ठेवून कठड्याला टेकला. दोन आठवडे आमचं बोलणं झालं नव्हतं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू सेन्सेईंना, त्या बाईंना, वेगळं सांगत होतास आणि आईला वेगळं. पाळणाघरात. मी मध्ये उभा होतो ना. मला दोन्ही कळत होतं."

मी गळ्यातला टॉवेल काढून हातात घेतला.

"पडलेलं नाही आठवत. ते आठवतं. मला वाटलं, मोठ्यांचं असंच असतं. मध्ये जो असतो त्याने दोन्हीकडे बरं वाटेल असं सांगायचं." त्याने एक बाटली उचलून उगाच झाकण घट्ट केलं. "मग मीही तेच केलं. पाचवीत वर्गाचे सेन्सेई आईला म्हणाले होते, हा वर्गात कोणाशीच बोलत नाही, याला मित्र नाहीत. मी आईला सांगितलं, शांत आहे म्हणतात. आईने बिल्डिंगभर सांगितलं, माझा मुलगा किती शांत."

"आणि तो कागद?"

"तू नाही म्हणालास. मग मी नाही लिहिलं." तो हसला नाही. "इथे पहिल्यांदा मित्र झाले, बाबा. ते गेले असते."

मी माफी मागितली. मराठीतच मागितली. तो म्हणाला, आत्ता नको, आणि क्रेट उचलून गेला. मला ते बरोबर वाटलं.

डिसेंबरच्या शेवटी तो सुट्टीला घरी आला. बायकोने बहुधा त्याच्याच वाटेकडे डोळे लावले होते. दुसऱ्या दिवशी तिने लाडवांचा एक डबा फडक्यात बांधला आणि म्हणाली, चला पाळणाघरात. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तू यायचंस. पण बोलायचं नाहीस. हा बोलेल."

बाई अजून तिथेच होत्या, आता मुख्य म्हणून. केस पिकले होते, पण चेहरा तोच. चपलांचे कप्पेही तेच, फक्त त्यांवर नवीन प्राण्यांची चित्रं. त्यांनी आम्हाला ओळखलं. मुलाकडे मान वर करून पाहावं लागलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला.

बायको मराठीत बोलली. हळूहळू, एकेक वाक्य करून, आणि प्रत्येक वाक्यानंतर मुलासाठी थांबून. "सोळा वर्षांपूर्वी मी इथे तुमच्यावर रागावले होते. मला वाटलं होतं, माझं मूल तुमच्याकडे पडलं. तसं नव्हतं. ते मला आता कळलं." मुलगा जपानीत सांगत होता. मी प्रत्येक शब्द ताडून पाहत होतो, सवयीने म्हणा नाहीतर भीतीने. त्याने काही गाळलं नाही. "ते याने मला सांगितलं नाही," असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं, तेही त्याने तसंच सांगितलं, फक्त 'याने'च्या जागी 'वडिलांनी' म्हणाला. मी कमरेत वाकलो. बराच वेळ वर झालो नाही.

बाई म्हणाल्या, आणि मुलाने आईला मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, आई रागावलेल्या होत्या हे मला कळलं होतं. राग माझ्यावर आहे हेही कळलं होतं. का, ते कळत नव्हतं. मी कुठे कमी पडले, याचा बरेच दिवस विचार केला म्हणतात."

बायकोने डोळे पुसले आणि डबा पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग त्यांनी मुलाला खाली वाकायला सांगितलं. तो एवढा दांडगा, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, आणि त्यांनी त्याच्या उजव्या कानामागचे केस बाजूला करून ती खूण पाहिली. त्या काहीतरी विचारत होत्या. अंग बघून, कुठला खेळ खेळतोस, असं.

तो सरळ झाला. त्याने उत्तर दिलं. छोटंसं.

"काय म्हणालास?" बायकोने विचारलं.

"फुटबॉल खेळायचो, आता थांबवलंय," तो म्हणाला.

मी ताडून पाहिलं. तेच म्हणाला होता.